मेलो म्हणजे पिकलेलं, मुरलेलं की निवलेलं?

भाषांतरवेडी

इंग्रजी 'मेलो'ला (mellow) शब्दकोशात मऊ, पक्व, मधुर, सौम्य, शांत असे पाच-सहा प्रतिशब्द एका ओळीत मिळतात आणि त्यातला एकही सगळीकडे चालत नाही. अडलेल्या जागा अशा: मेलो झालेलं फळ, मेलो जमीन, मेलो वाइन, वाद्याचा मेलो टोन, 'कांदा मेलो होईपर्यंत परता', उतारवयात मेलो झालेला गृहस्थ, दोन पेगनंतर मेलो झालेली मंडळी, आणि जुन्या विटांच्या भिंतीवरचा मेलो उजेड.

'परिपक्व' सगळीकडे घालून पाहिलं. परिपक्व कांदा वाचताना हसू येतं. ज्यांचा ज्या जागेशी रोजचा संबंध आहे त्यांनी कृपया आपापल्या धंद्यातला शब्द सांगावा. शब्दकोश माझ्याकडे आहेत.

चिरफाड

सरळ 'मेलो' लिहा. वाचकाला कळतं.

पाडाचा आंबा

@चिरफाड, मालवणीत 'आंबो मेलो' म्हटलं तर आंबा गेला, संपला. सिंधुदुर्गातला वाचक फळाऐवजी सुतकाचा विचार करेल. :)

व्युत्पत्तीवाला

शब्दाचं मूळ आधी बघा, अडचण तिथेच आहे. मध्ययुगीन इंग्रजीत 'मेल्वे' असा शब्द सापडतो आणि तो आधी फळालाच लागायचा: पिकून मऊ, गोड, रसाळ झालेलं. त्यामागे काय, यावर दोन तर्क आहेत. एक, जुन्या इंग्रजीतला पिठाचा शब्द 'मेलू', म्हणजे पिठासारखं मऊ. दुसरा, 'मेआरू' म्हणजे कोवळं, नाजूक. निकाल लागलेला नाही. माती, दारू, आवाज, स्वभाव हे सगळं फळावरून पुढे सरकलं.

मराठीने ही दोन टोकं वेगळी ठेवली. मऊपणाचा वंश संस्कृत 'मृदु'चा. मृदु, मउ, मऊ आणि त्यावरून मवाळ. पिकण्याचा वंश 'पच्' म्हणजे शिजवणं. पक्व, पक्का, पिकणे. गंमत म्हणजे 'पोक्त'सुद्धा शिजलेलाच आहे. फार्सी 'पुख्ता' म्हणजे शिजलेला, पिकलेला, आणि हा फार्सी धातू संस्कृत 'पच्'चा चुलतभाऊ. म्हणजे आपल्याकडे पिकणं हे आचेचं काम आहे, मऊ होणं ही निराळी गोष्ट.

म्हणून भाजीवाला 'जून भेंडी' म्हणतो तेव्हा ती वयात आलेली असते आणि कडक असते. काकडी कोवळी असते तेव्हा मऊ असते आणि अपक्व असते. निबर, जून, राठ हे वयाने कडक. कोवळं, लुसलुशीत हे वयाने लहान म्हणून मऊ. वयामुळे मऊ झालेल्याला एक सर्वसाधारण विशेषण मराठीत नाही. क्रियापदं मात्र भरपूर आहेत.

चिरफाड

जुना तांदूळ विसरलात. वर्षभर ठेवलेल्याचा भात मोकळा, नव्याचा गिचका. म्हणजे वय वाढलं आणि मऊपणा गेला. इंग्रज त्याला मेलो म्हणेल का?

व्युत्पत्तीवाला

नाही म्हणणार. चांगला मुद्दा.

पाडाचा आंबा

फळाची जागा सर्वांत सोपी वाटते, पण तिथेच घोटाळा होतो. आंबा पिवळा होणं आणि आंबा पिकणं या दोन गोष्टी आहेत. हापूस झाडावर पूर्ण पिकू देत नाहीत. साधारण ८५ टक्के तयार झाला की, कोकणातल्या भाषेत चौदा आणे, तेव्हा काढतात. ओळख: देठाजवळचे खांदे वर येतात, देठ खड्ड्यात गेल्यासारखा दिसतो, हिरवा रंग फिका पडतो, आणि तयार फळ पाण्यात टाकलं तर बुडतं. कोवळं तरंगतं.

मग अढी. खाली भाताचा कोरडा पेंढा, त्यावर फळाचा थर, पुन्हा पेंढा, असे तीन-चार थर, त्याहून उंच नको. जागा हवेशीर पण उन्हाबाहेरची. दहा ते पंधरा दिवसांत फळ तयार होतं. आत चालतं ते असं: फळ स्वतःच इथिलीन सोडतं, त्याने विकरं (एन्झाइम) जागी होतात, पिष्टाची साखर होते, आंबटपणा उतरतो आणि पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन सुटतं. हे शेवटचं झालं की बोटाला फळ दबतं. म्हणजे गोडी, वास आणि मऊपणा एकाच कामाचे तीन हात आहेत, आणि इंग्रज त्या तिघांना मिळून मेलो म्हणतो.

बिघडतं कुठे? कॅल्शियम कार्बाइड लावलं की निघणाऱ्या ॲसिटिलीनने सालीचा रंग झपाट्याने बदलतो, आत गर पांढरट आणि आंबट. त्यात आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश असतात, म्हणून फळं पिकवायला त्याला देशात बंदी आहे. रायपनिंग चेंबरमध्ये इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत चालतो; तापमान २० ते २२ अंश, आर्द्रता ९० टक्क्यांवर, २४ तास वायू, आणि मधूनमधून दार उघडून कार्बन डायऑक्साइड बाहेर. तो साठला तर पिकणं अडतं.

दुसरं दुखणं साक्याचं. बाहेरून देखणा हापूस, कापला की बाठीजवळ पांढरा, आंबट, स्पंजासारखा भाग. फळ झाडावर फार ठेवलं किंवा काढून तापलेल्या जमिनीवर ओतलं तर साका वाढतो. म्हणून काढणी सकाळी लवकर, झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने), देठासकट, आणि फळ थेट सावलीत. नीलम आणि हापूसच्या संकरातून वेंगुर्ल्याला काढलेल्या रत्ना जातीत साका येत नाही, पण हापूसचा गिऱ्हाईक रत्नाकडे वळत नाही तो नाहीच.

शब्द: 'पिकून मऊ पडलेला'. नुसतं 'मऊ' लिहू नका, बाजारात मऊ आंबा म्हणजे दबलेला आंबा. त्याच्या पुढची पायरी लिबलिबीत, आणि त्याच्या पुढची 'उतरलेला'.

भाषांतरवेडी

'उतरलेला' हे मला दारूच्या संदर्भात ठाऊक होतं, फळाच्या नाही. धन्यवाद. माती?

काळी कसदार

मातीला मेलो म्हणतात तेव्हा ती 'पिकलेली' नसते, 'भुसभुशीत' असते. पण तेवढं पुरेसं नाही, कारण मुरूम घालून रोटाव्हेटर फिरवलेली जागाही भुसभुशीत दिसते. मेलोमध्ये हवा-पाण्याने केलेलं काम आहे, यंत्राने केलेलं नव्हे.

इंग्लंडात जड चिकणमाती हिवाळ्याच्या तोंडाला नांगरून ढेकळं उघडी ठेवतात. ढेकळात शिरलेलं पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि ढेकूळ आतून फोडतं. वसंतात हात लावला की चुरा. याला ते माती मेलो होणं म्हणतात. आपल्याकडे हेच काम ऊन आणि वळीव करतात. मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळी नांगरट केली की काळी जमीन तापते, भेगाळते. मग वळवाची एक सर आली की कोरडं ढेकूळ घाईने पाणी पितं, फुगतं आणि विरतं. काळ्या मातीतली चिकणमाती भिजली की फुगणारी आणि वाळली की आकसणारी, म्हणून दोन-तीन वेळा ओलं-कोरडं झालं की ती आपली आपण दाणेदार होते. मग कुळवाच्या दोन पाळ्या पुरतात. विदर्भात कुळवाला वखर म्हणतात.

घाई केली की सगळं जातं. पाऊस पडल्याच्या दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर घातला की नांगराच्या तासाच्या (सरीच्या) बाजूला चकाकणारी माती दिसते, साबण कापल्यासारखी. ती वाळली की वीट. खाली नांगराच्या तळाशी कठीण थर बसतो आणि पुढे पिकाची मुळं तिथे आडवी वळतात.

म्हणून वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, बघायचा. वरची कोरडी कातडी सोडून वीतभर खालची मूठभर माती घ्या, दाबून गोळा करा, कमरेच्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरला तर वाफसा. चपटा होऊन बसला तर थांबा. गोळाच झाला नाही तर ओल गेली. हाताला बोटांचे ठसे ओले उमटले तरी थांबाच. हलक्या जमिनीला वाफसा एक-दोन दिवसांत येतो, भारी काळीला आठवडाही लागतो, आणि येऊन जायलाही वेळ लागत नाही.

चोपण जमिनीत यातलं काही होत नाही. तिथे सोडियमने मातीचे कण सुटे करून ठेवलेले असतात, पाऊस पडला की वर पापुद्रा धरतो. आधी माती परीक्षण, मग त्यात येईल तितकं जिप्सम आणि निचरा. ऊन दाखवून ती जमीन वळत नाही.

शब्द: 'तापून-भिजून भुसभुशीत झालेली जमीन'. 'वाफशावरची जमीन' म्हणू नका, वाफसा ही ओलीची स्थिती आहे, चार दिवसांत जाते. मेलोपणा हंगामभर टिकतो.

चिरफाड

एका शब्दाला चार शब्द. छापणारा पानाचे पैसे घेतो.

बरणी

@चिरफाड, पैसे वाचवायचे तर 'मुरलेलं' घ्या ना. लोणचं, मुरांबा, सगळीकडे चालेल.

पण सावध. मुरणं म्हणजे मऊ होणं नव्हे. कैरीच्या लोणच्यात मुरते ती चव; फोड करकरीत राहिली पाहिजे. एक किलो फोडींना २०० ग्रॅम मीठ, १०० ग्रॅम मोहरीची डाळ, तितकंच तिखट, १०-१५ ग्रॅम मेथी, हळद, हिंग आणि फोडी बुडून वर बोटभर राहील इतकं तापवून पूर्ण गार केलेलं तेल. पहिल्या आठवड्यात मोहरी नाकात जाते. डाळ ओली झाली की तिच्यातलं झणझणीत तेल सुटतं, आणि पुढे आंबटात, तेलात ते हळूहळू निवतं. महिन्याभराने मीठ फोडीच्या आतपर्यंत पोचतं, आंबट बाहेर येतं, आणि वेगवेगळ्या लागणाऱ्या चार चवी एक होतात. ते मुरणं. फोड मऊ झाली तर लोणचं मुरलं नाही, बिघडलं: कैरी पाडाला आलेली होती, नाहीतर मीठ कमी पडलं, नाहीतर फोडी पुसल्या नव्हत्या. बाठीचं कवच धरलेली घट्ट कैरी घ्यावी ती याचसाठी.

कांद्याचं वेगळं आहे. कृतीत 'मेलो होईपर्यंत' म्हणजे 'उग्रपणा जाईपर्यंत'. कापल्यावर जो झणका उठतो तो विकराच्या कामाचा. मंद आचेवर, चिमूटभर मीठ घालून, झाकण ठेवून १२-१५ मिनिटं परतला की विकर मरतं, गोडी वर येते. रंग पारदर्शक, फार तर फिका सोनेरी. तांबूस झाला की तो मेलो नव्हे, तो खरपूस. लसणाचंही तेच: ठेचून कच्चा घातला तर जहाल, अख्खा गड्डा भाजला तर लोण्यासारखा. ठेचल्याशिवाय विकर आणि त्याचं द्रव्य एकमेकांना भेटतच नाहीत, आणि भाजल्यावर भेटले तरी विकर उरलेलं नसतं.

भाषांतरवेडी

'उग्रपणा जाईपर्यंत' घेतला. कांदा सुटला.

ओकपिंप

दारूच्या जागेला 'जुनी' लिहू नका. जुनी आणि मेलो हे एक नाही. बहुतेक वाइन दोन-तीन वर्षांत पिण्यासाठीच केलेली असते, नंतर ती मुरत नाही, मरते.

वाइन सौम्य होण्याचे दोन रस्ते. पहिला मॅलोलॅक्टिक किण्वन: द्राक्षातलं मॅलिक आम्ल, म्हणजे हिरव्या सफरचंदाचं बोचरं आम्ल, जिवाणू लॅक्टिक आम्लात बदलतात. ते दह्याचं आम्ल, जिभेला गोल लागतं. तापमान १८ ते २२ अंश हवं, १५च्या खाली काम रेंगाळतं, आणि आधीच सल्फर डायऑक्साइड जास्त घातला असेल तर जिवाणू उठतच नाहीत. नाशिककडच्या उष्ण हवेत द्राक्षात मॅलिक आधीच कमी उरतं, म्हणून तिथे हे किण्वन चालू द्यायचं की अडवायचं हा खरा प्रश्न असतो. पांढऱ्या वाइनला आंबटपणा हवा असतो, तो गेला की ती सपाट पडते. दुसरा रस्ता टॅनिनचा. सालीतून आणि बियांतून आलेलं टॅनिन तोंड आवळतं. पिंपातल्या थोड्या हवेने त्याचे रेणू एकमेकांना धरून लांब होतात, काही गाळ होऊन बसतात, उरलेले बोचत नाहीत.

व्हिस्कीत तर 'मेलोइंग' हा कारखान्यातला शब्द आहे. अमेरिकेत टेनेसीची व्हिस्की पिंपात भरण्यापूर्वी शुगर मेपल लाकडाच्या कोळशाच्या साधारण १० फूट थरातून थेंब थेंब गाळतात. त्याला चारकोल मेलोइंग म्हणतात, आणि २०१३ पासून त्या राज्याच्या कायद्यातही आहे. म्हणजे इथे दारू अजून एक दिवसही जुनी झालेली नाही आणि मेलो झाली. काळ लागतोच असं नाही.

हवेचाही हात असतो. स्कॉटलंडात पिंपातून वर्षाला साधारण २ टक्के उडून जातं, बेंगळुरूच्या हवेत १०च्या आसपास. तिथली पाच वर्षं इथे वर्षा-दीड वर्षात लाकडातून ओढली जातात, पण जास्त ठेवली तर लाकूडच लागतं.

शब्द: वाइनला 'मुरलेली', कोळशातून गाळलेलीला 'उग्रपणा काढलेली'. दोन पेगनंतरच्या मंडळींना 'रंगात आलेली'. 'झिंगलेली' फार पुढे जातं.

कॉफीफिल्टर

पश्चिम किनाऱ्याचं एक उदाहरण राहिलं. मॉन्सून्ड मलबार कॉफी. मंगळुरूच्या बाजूला पावसाळ्यात उघड्या बाजूंच्या गोदामांत कच्चं बी पसरून, मधूनमधून हालवत, १२ ते १६ आठवडे दमट वाऱ्यावर ठेवतात. बी फुगतं, हिरव्याचं फिकट सोनेरी होतं, आंबटपणा जवळजवळ जातो. जहाजाच्या तळघरात महिनोन्‌महिने दमट हवा खाऊन युरोपात पोचणाऱ्या कॉफीला हीच चव यायची. प्रवास आखूड झाला तेव्हा ती मुद्दाम आणावी लागली. नीट हालवलं नाही तर बुरशी. ही मात्र 'मुरलेली'च, दुसरा शब्द नको.

खर्ज

आवाजाकडे वळतो. मेलो टोन म्हणजे वरचे स्वरांश कमी, खालचे भरलेले. तानपुऱ्यावर हे डोळ्यांना दिसतं. घोडीचा, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीचा, माथा किंचित उतरता असतो. तार त्याला एका बिंदूत न टेकता घासत टेकते, म्हणून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, बोलते. माथा सपाटीकडे असेल तर तार लांबवर घासते आणि आवाज खुला, झणझणीत. माथा जरा जास्त गोलसर घासला तर गोल जवारी, आणि आणखी पुढे गेलं की बंद. इंग्रज ज्याला मेलो म्हणेल ती गोल जवारी.

मग सूत. तारेखाली दोरा सरकवून, वाजवत वाजवत, केसभर पुढे-मागे. एक जागा येते जिथे तार अचानक उघडते. तिथून किंचित मागे घेतलं की गोल. चारही तारांचं सूत वेगवेगळ्या जागी बसतं, एका ओळीत लावून चालत नाही. षड्जाच्या जोडीला आधी लावा, मग पंचमाला, खर्जाला शेवटी. मिरजेचे कारागीर जवारी काढताना माथ्यावर एकेक कानस मारतात आणि लगेच तार चढवून ऐकतात. दोन कानशी जास्त झाल्या तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि इथे वय उलटं काम करतं. वापराने तार घोडीत खाच पाडते, मग आवाज चिरका होतो. म्हणजे तानपुरा जुना झाला म्हणून गोल होत नाही, जवारी काढून घ्यावी लागते.

ध्वनिमुद्रणात कुणी 'जरा मेलो करा' म्हटलं की ८ किलोहर्ट्झच्या वरचं सगळं कापू नये, त्याने आवाज उशीखालून आल्यासारखा होतो. २ ते ५ किलोहर्ट्झच्या पट्ट्यात दोन-तीन डेसिबल उतरवावेत; बोचतं ते तिथे.

शब्द: 'गोल' किंवा 'गोलाई असलेला'. 'मऊ आवाज' म्हणजे हळू आवाज असा समज होतो.

भाषांतरवेडी

गृहस्थ राहिले. 'मवाळ' लिहिलं होतं, पण रुचत नाही.

व्युत्पत्तीवाला

रुचणार नाही, कारण मवाळवर राजकारणाचा शिक्का आहे. १९०७च्या सुरत अधिवेशनात काँग्रेस फुटली, तेव्हापासून मवाळ म्हटलं की समोर जहाल उभा राहतो. मवाळ म्हणजे पड खाणारा, अर्ज-विनंत्या करणारा, असा वास त्याला कायमचा लागला. 'मुरलेला' गृहस्थ म्हणजे बेरकी. 'पिकलेला' म्हटलं तर पिकलं पान आठवतं, ते गळायला आलेलं असतं. 'पोक्त' चांगला, पण विशीतली मुलगीही पोक्त असू शकते. त्यात आधी तिखट होता आणि आता उतरला ही हालचाल नाही.

हालचाल 'निवणे'त आहे. चहा निवतो, दूध निवतं, तशी माणसं. 'वयाबरोबर निवलेला'. त्याचा शेजारी 'निवळणे', गढूळ पाणी स्थिर होऊन नितळ होतं ते. ताप उतरला असेल तर निवला, गोंधळ खाली बसला असेल तर निवळला. माणसाच्या जागी पहिला घ्या.

चिरफाड

आणि मार्शमेलो?

व्युत्पत्तीवाला

त्याचा मेलोशी काही संबंध नाही. मूळ शब्द मार्शमॅलो. मॅलो ही दलदलीकाठची वनस्पती, तिच्या मुळाच्या चिकापासून ती मिठाई करायचे. आता जिलेटिन असतं. मॅलोच्या कुळात आपली भेंडी, अंबाडी, जास्वंद आणि कापूस येतात. भेंडीचा चिकटपणा आठवा, कुळाचं नातं पटेल.

पाडाचा आंबा

म्हणजे फिरून जून भेंडीवरच आलो.

भाषांतरवेडी

आत्तापर्यंतचं असं लावलंय: पिकून मऊ पडलेलं फळ, तापून-भिजून भुसभुशीत झालेली जमीन, मुरलेली वाइन, गोल आवाज, उग्रपणा जाईपर्यंत परतलेला कांदा, निवलेला गृहस्थ, रंगात आलेली मंडळी. विटांच्या भिंतीवरचा उजेड अजून मोकळा आहे. 'मंद' लिहिलं तर दिवा वाटतो, 'कोवळं ऊन' लिहिलं तर सकाळ होते आणि मूळ वाक्यात संध्याकाळ आहे.

काळी कसदार

कलतं ऊन. आमच्याकडे पाच वाजता जनावरं परतताना असतं ते.

बरणी

'निवलेलं ऊन'सुद्धा म्हणतात. पण मग गृहस्थ आणि ऊन एकाच पानावर निवतील, ते बघा.

भाषांतरवेडी

गृहस्थ त्याच भिंतीला टेकून बसलेत. कलतं घेते.